ट्रेडमिल घेताना

ट्रेडमिल घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा मोटरची अश्वशक्ती विचारतो. विक्रेता ऐटीत 4 चा आकडा फेकतो. तो असतो क्षणभराच्या कमाल ताकदीचा. सलग मिळणारी शक्ती त्याच्या निम्मीही असू शकते, आणि पळताना कामाची तीच. पट्टा चालायला आखूड चालेल, पळायचं तर साडेचार फूट तरी हवा. वजनमर्यादा विचारताना स्वतःचं वजन लग्नाच्या वेळचं सांगू नये.

पण हे सगळं गौण. खरी परीक्षा हँडलची. श्रावणात त्यावर दोन जीन्स, एक ओला टॉवेल आणि मुलाचा गणवेश एकदम मावला पाहिजे. घडी होणारं मॉडेल घेण्यात अर्थ नाही. घडी केली तर कपडे कुठे वाळत घालणार?

याच यंत्राचा पूर्वज विल्यम क्युबिट या इंजिनिअरने 1818 च्या सुमारास इंग्लंडमधल्या तुरुंगांसाठी आणला, कैद्यांना राबवायला. त्यांना निदान हप्ते नव्हते.

तरीही घ्यायचीच असेल, तर एप्रिलपर्यंत थांबा. जानेवारीच्या संकल्पातल्या ट्रेडमिल तेव्हा निम्म्या किमतीत विकायला निघतात. ‘फारशी वापरलेली नाही’ असं मालक सांगतात, त्यावर बिनधास्त विश्वास ठेवा.