भूत तेच, ऊसही तोच

२०१७ साली विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ हा मराठी भयपट आला. गरोदर पूजा सावंत, चहूकडे ऊस आणि मुलगी नको म्हणणाऱ्या घराचं जुनं पाप. २०२१ मध्ये तेच दिग्दर्शक, तोच ऊस, तेच पाप हिंदीत ‘छोरी’ होऊन ॲमेझॉन प्राइमवर अवतरलं. गरोदर तेवढी नुसरत भरुचा. २०२५ मध्ये ‘छोरी २’. या भुताला मोक्ष मिळणार तरी कसा?

नागपूरकराला ऊस भिववत नाही, राजेहो. आमच्याकडे ऊस म्हणजे रसवंती, आलं-लिंबू मारके. संत्र्याच्या बागेत भूत लपवून दाखवा! फांद्यांखालून पाय दिसतील, उलटे आहेत का तेही कळेल.

भूत तेच राहिलं, पाहायची तऱ्हा मात्र बदलली. डीव्हीडीच्या काळात सिनेमासोबत ‘मेकिंग’, गाळलेले प्रसंग, दिग्दर्शकाची बडबड मिळे. सीताबर्डीच्या फुटपाथवरच्या चोरट्या तबकडीत तर त्याहून सरस ऐवज: पडद्यासमोरून जाणारं डोकं, कुणाचा तरी खोकला. आता ओटीटीवर श्रेयनामावली सुरू होते न होते तोच कोपऱ्यातला चौकोन पुढच्या सिनेमाची उलटी मोजणी लावतो. भुताचा मेकअप कोणी केला हे वाचायचं असेल, तर रिमोटवर झडप घाला बाप्पा!