सॅड ट्री, कमॉन

अमेरिकेत सहा महिने राहायला गेलेल्या माणसाचा पहिला महिना कौतुकात जातो, दुसरा डिशवॉशर भरण्यात, आणि तिसऱ्यात तो गॅरेजकडे बघू लागतो. शिकागोजवळ पुतण्याकडे आलेल्या काकांचं तेच झालं. टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढलेला माणूस. हातात पक्कड नसली की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होई. पुतण्याने पिकअप घेतली होती आणि काका-काकूंना घेऊन इंटरस्टेट ८० वरून वायोमिंगपर्यंत जायचा बेत ठरला होता. तिकडे मैलोन्‌मैल मोबाइलला रेंज नसते, असं तो जेवताना सहज बोलून गेला. काकांना तेवढं पुरलं.

"सीबी बसवू," ते म्हणाले.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास ४० चॅनल आणि नेहमीच्या एएमवर फक्त ४ वॅट शक्ती. देवघरातला जुना झिरोचा बल्बसुद्धा याहून जास्त वीज खातो. १९५८ साली सामान्य माणसाला मिळालेल्या या लहरींचं नशीब तेलटंचाईने उजळलं. १९७४ मध्ये अमेरिकेने महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली. ट्रकवाल्याची कमाई मैलावर. मग डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे ते एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. पाठोपाठ सगळा देशच त्या नादाला लागला. १९७६ च्या सुरुवातीला 'कॉन्व्हॉय' हे सीबीवरच्या बोलीतलं गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड 'फर्स्ट मामा' या नावाने सीबीवर बोलत. आपल्याकडे रस्त्यावरचे मामा वेगळे, पण सीबीवरची निम्मी चर्चा त्यांच्याबद्दलच असते. गर्दी एवढी वाढली की १ जानेवारी १९७७ पासून २३ चॅनलचे ४० करावे लागले.

१९८३ पासून परवानाही लागत नाही, हे वाचून काका हिरमुसले. अर्ज नाही, तीन प्रती नाहीत, साहेबाची सही नाही, म्हणजे काम सरकारमान्य वाटायचं कसं? शेवटी त्यांनी एक अट शोधून काढलीच: परदेशी सरकारच्या प्रतिनिधीला सीबी वापरता येत नाही.

"मला पेन्शन भारत सरकारची आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

"पेन्शन घेणारा प्रतिनिधी कधीपासून झाला?" काकूंनी वाटाणे सोलता सोलता निकाल दिला.

शनिवारी काम सुरू झालं. सीबीची लहर सुमारे ११ मीटर लांब, म्हणून खरा अँटेना तिच्या चतुर्थांशाचा, नऊ फुटी हवा. तो लावला तर गाडी गॅरेजात शिरणार नाही. काकांनी चार फुटी घेतला, बुडाशी लोहचुंबक असलेला. टपाच्या मधोमध ठेवला की झालं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. काकांनी ठेवला. तो आडवा झाला. पुन्हा ठेवला. तो घरंगळत मागच्या हौद्यात पडला. तेव्हा पुतण्याला आठवलं, गाडी फोर्ड एफ-१५०. २०१५ पासून हिची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची येते.

काकूंनी टपावर बोटाने टिचकी मारली. "जर्मनचा पत्रा की हो हा! आमच्या माहेरच्या पातेल्यासारखा."

अमेरिकन गाडीला जर्मनचा पत्रा, या धक्क्यातून काका जेवणाआधी सावरले नाहीत. दुपारी बॉनेटच्या बिजागरीजवळ पोलादी पट्टी बोल्टने कसून अँटेना उभा राहिला. वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटातून घेतली तर इंजिनाची कुरकुर स्पीकरमध्ये येते, म्हणून वायर फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडली. आता उरला एसडब्ल्यूआर. रेडिओने अँटेनाला पाठवलेली शक्ती किती परत येते, ते या आकड्यावरून कळतं. दीड उत्तम, दोनपर्यंत चालतं, तीन म्हणजे पाव हिस्सा परत, आणि तसंच बोलत राहिलं तर रेडिओच जळायचा. काट्याने तीन दाखवले.

"म्हणजे आहेर परत केला," काकू म्हणाल्या.

दीड तास काका सगळे सांधे तपासत होते. मग ते एकदम कपाळाला हात लावून बसले. पट्टी बसली होती रंगावर. बॉडीशी तिचा धातूचा संपर्कच नव्हता. ३४ वर्षं ज्यांनी साऱ्या जिल्ह्याच्या एक्स्चेंजांचं अर्थिंग तपासलं, त्यांच्या हातून अर्थिंग राहिलं! त्यांनी पॉलिश पेपर घेऊन कोऱ्या गाडीचा रंग खरवडला. पुतण्या त्या वेळी घरात निघून गेला. काटा खाली आला. तरीही चॅनल १ पेक्षा ४० वर आकडा जास्त, म्हणजे अँटेना लांब. टोकाचा स्क्रू फिरवत फिरवत काकांनी अंधार पडता पडता १.४ गाठला आणि चहा मागितला.

मिसिसिपी ओलांडून थोडं पुढे गेलं की आयोवात वॉलकॉट लागतं. तिथला 'आयोवा ८०' हा १९६४ पासूनचा थांबा स्वतःला जगातला सर्वांत मोठा ट्रकस्टॉप म्हणवतो. न्हावी आहे, दातांचा डॉक्टर आहे, ट्रकांचं संग्रहालयही आहे. काकूंनी तिथे दोन तास घालवले. काकांनी रेडिओला एक हूक घेतला. वॉलकॉट सोडल्यावर चॅनल १९ लावला. ट्रकवाल्यांचा कट्टा हाच. ९ नंबर अडीअडचणीसाठी राखीव.

"पुढे अस्वल बसलंय," स्पीकर म्हणाला.

काकांनी मक्याच्या शेतात अस्वल शोधायला सुरुवात केली.

"अहो, पोलीस!" काकू म्हणाल्या. "खंबाटकीत समोरचा ट्रकवाला दिवे मिचकावून सांगतो, तेच हा तोंडाने सांगतोय."

पाच मिनिटांनी मधल्या लेनमध्ये 'अ‍ॅलिगेटर' असल्याची वर्दी आली. काका हसले, आयोवात मगर कुठली! पुतण्याने मात्र लेन बदलली, आणि फाटलेल्या टायरची लांबलचक काळी साल शेजारून गेली. वजनकाट्याला तिथे 'कोंबड्यांचं खुराडं' म्हणतात आणि "तुमचं ट्वेंटी काय?" म्हणजे तुम्ही कुठे आहात. काकूंनी हे सगळं किराणाच्या यादीमागे टिपून घेतलं.

सीबीवर स्वतःचं नाव सांगत नाहीत, टोपणनाव घेतात. काकांनी 'सह्याद्री' घेतलं. पलीकडून जरा वेळाने उत्तर आलं, "गो अहेड, सॅड ट्री." काकांनी तीनदा दुरुस्ती केली. तिन्ही वेळा सॅड ट्रीच.

नेब्रास्कात हा रस्ता ४५५ मैल चालतो. तिथल्या सरळ रस्त्यावर काकांना एक गूढ पडलं: ते बोलतात, पण उत्तर येत नाही. चारपाच मैलांत ट्रक दिसत होते. शेवटी ते काकूंकडे वळले आणि लोणच्याची बरणी आडवी ठेवल्याबद्दल सविस्तर बोलू लागले. बोलता बोलता काकूंचं लक्ष त्यांच्या अंगठ्याकडे गेलं. माइकचं बटण दाबलेलंच होतं. सीबीवर बटण दाबलं की आपले कान बंद, आणि आसपासच्यांची तोंडं बंद. जवळपासचे सगळे ट्रकवाले वीस मिनिटं मुकाट्याने कैरीच्या लोणच्याची हकिकत ऐकत होते. काकूंनी माइक काढून घेताच स्पीकरमधून जे आलं, त्याचं भाषांतर पुतण्याने केलं नाही.

"घरीही तुमचं बटण दाबलेलंच असतं," एवढं बोलून काकूंनी माइक आपल्याकडे ठेवला.

वायोमिंगमध्ये शर्मन समिटला रस्ता ८,६४० फुटांवर जातो आणि लॅरमीपुढे एल्क माउंटनचा वारा सुरू होतो. तो रिकामा ट्रेलर सहज आडवा करतो. मोबाइल केव्हाच गप्प झाले होते. काकू फक्त ऐकत होत्या. मध्येच एका घोगऱ्या आवाजाने सांगितलं की पुढे उजव्या लेनमध्ये ट्रेलर उलटलाय, डावीकडून या. काकूंनी बटण दाबलं, "टेन-फोर, सॅड ट्री, थँक्यू भाऊ," म्हटलं आणि लगेच सोडलं. पुतण्याने डावी लेन धरली. ट्रेलर खरोखरच आडवा पडला होता.

बऱ्याच वेळाने तोच आवाज पुन्हा आला. "सॅड ट्री, कमॉन. तुमचं ट्वेंटी काय?"

काकांनी सवयीने हात पुढे केला. काकूंनी माइक दिला नाही. त्यांनी बाहेरची पाटी वाचली, यादीमागचं टिपण बघितलं आणि पुन्हा पाटी वाचली. तिच्यावर वॉलकॉट लिहिलं होतं.

"वॉलकॉट," त्या म्हणाल्या. पलीकडे क्षणभर शांतता.

"सॅड ट्री, ते तर आयोवात राहिलं!"

काकूंनी बटण दाबलं. "ते पहिलं. हे दुसरं."