कुरवंड्याची खंडणी

पावसाळ्यात लोक भुशी धरणावर भिजायला जातात. मी शिकवायला गेलो.

मुंबईहून साडू, मेव्हणा आणि दोघांची मिळून भरपूर पोरं आली होती. त्यांचा बेत सरळ होता: धरणाच्या पायऱ्यांवर पाण्यात बसायचं, मक्याचं कणीस खायचं, चिक्की घ्यायची आणि संध्याकाळची गाडी पकडायची. मला हे फार उथळ वाटलं. म्हणून मी वारसा-फेरी जाहीर केली. भुशीपासून चालत कुरवंडे, समोर नागफणी आणि खाली उंबरखिंड. टिपणं काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातली. ही म्हणाली, "अहो, धुक्यात काय दिसणार आहे?" इतिहास डोळ्यांनी बघायचा नसतो, असं काहीतरी मी सुनावलं.

पहिलं व्याख्यान धरणावरच झालं. "हे पाणी तुमच्या मजेसाठी अडवलेलं नाही!" मी पायऱ्यांवर उभा राहून गरजलो. "1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून जीआयपी रेल्वेने इंद्रायणीवर..." शेवाळाला इतिहासाची कदर नसते. 'इंद्रायणीवर' हा शब्द पुरा होईपर्यंत मी इंद्रायणीत होतो. बसल्या बसल्याच खाली पोचलो, पिशवीवाला हात वर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "काका, परत एकदा!"

पुढे आयएनएस शिवाजीच्या फाटकाशी 'फोटो काढू नयेत' अशी पाटी दिसली आणि तोवर एकही फोटो न काढलेल्या साडूला एकदम छायाचित्रणाचा उमाळा आला. त्याला आवरण्यात बराच वेळ गेला.

कुरवंड्याच्या पुढे धुकं इतकं दाट, की मेव्हण्याला नुसत्या खोकल्यावरून ओळखावं लागत होतं. मी हात लांब करून सुरुवात केली. "ही पाहा नागफणी! आपल्याला हिच्यात नागाचा फणा दिसला, इंग्रजांना ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक." प्रत्यक्षात दिसत होतं ते फक्त माझं नाक, तेही गळणारं. एव्हाना एक अनोळखी कुटुंब आमच्यात येऊन मिसळलं होतं. त्यातल्या गृहस्थांनी हात जोडून विचारलं, "गाइडसाहेब, जरा मोठ्याने सांगाल का?" असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता. मी मोठ्याने सांगितलं.

फेब्रुवारी 1661. शाहिस्तेखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान याच कुरवंडे घाटाने खाली उतरला. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना गच्च झाडी, सोबत प्रचंड फौज आणि सामान. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला पुढून-मागून कोंडलं. पाण्यावाचून फौज तडफडू लागली, तेव्हा बरोबरची माहूरची रायबागन खानावर कडाडली, की विचार न करता या रानात शिरलासच कशाला?

इथे मी परिणामासाठी थांबलो. त्या शांततेत हिचा आवाज आला, "मी सकाळी वेगळं काय म्हणत होते?"

गुरं घेऊन चाललेले एक बाबा ऐकत थांबले होते. ते अदबीने म्हणाले, "सायेब, नागफणी तुमच्या पाठीमागं हाय."

"मग हे समोर काय आहे?"

तेवढ्यात वाऱ्याने धुकं जरा हललं आणि मी इतका वेळ हात करून दाखवत होतो ते स्थळ प्रकट झालं. निळी ताडपत्री, पेटलेली चूल आणि कढईत फुललेली कांदाभजी. दिवसभरात प्रथमच माझ्या फेरीतला प्रत्येक माणूस मी दाखवलेल्या दिशेने धावला.

मी पोचलो तेव्हा सगळ्यांचं दुसऱ्या ताटलीवर चाललं होतं. अनोळखी गृहस्थांनी निरोप घेताना माझा हात हातात घेतला. "फार छान माहिती. आणि नाश्ता यातच धरलाय, हे तर उत्तमच!"

टपरीवाल्या मावशींनी त्यांच्यासकट हिशोब सांगितला. कारतलबखानही शेवटी पैसे मोजूनच सुटला होता, पण ते सांगायची वेळ माझ्यावर आली नाही. साडूच्या धाकट्याने तोंडातलं भजं न काढता विचारलं, "मावशी, मग त्या खानाचं काय झालं?"

"सांगते," ही म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "अहो, काढा पाकीट."