पिवळी फीत आणि काळी मैना

गेल्या रविवारी मी श्टुटगार्टबाहेरच्या एका सफरचंदाच्या झाडाला नमस्कार केला. नुसता नमस्कार नाही, अर्धी प्रदक्षिणाही झाली होती. खोडाला पिवळी फीत गुंडाळलेली दिसली आणि हात आपोआप जोडले गेले. ज्येष्ठ उलटून दोन-तीन महिने झालेत, झाड वडाचं नाही आणि पुढचे सात जन्म मागण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे नाही, हे सगळं नंतर सुचलं. बायको मागून म्हणाली, "अहो, ती पूजा नाही. परवानगी आहे."

परवानगी अशी, की ज्या झाडाला पिवळी फीत, त्याची फळं कुणीही, न विचारता, घरापुरती तोडावीत. झाडांचे मालक म्हातारे झाले, शिडीवर चढवत नाही, मुलं शहरात, फळं झाडाखाली कुजतात. म्हणून इथल्या काही जिल्ह्यांनी ही फितीची पद्धत सुरू केली. कल्पना सुरेख आहे आणि माझी तिच्याबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती शेजारच्या झाडाबद्दल. त्याला फीत नव्हती. खाली सफरचंदांचा सडा पडला होता, अर्धी सडलेली, अर्ध्यांवर गांधीलमाश्या बसलेल्या. त्यातलं एक धड बघून मी उचललं, तर कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एक आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "त्याला फीत नाही." मी म्हटलं, हे तोडलेलं नाही, पडलेलं आहे. त्या म्हणाल्या, "पडलेल्यालाही फीत नाही." मी सफरचंद जिथून उचललं होतं बरोबर तिथेच, गांधीलमाशीच्या शेजारी, ठेवून दिलं. आजी समाधानाने पुढे गेल्या. गांधीलमाशीला कुणी काही विचारलं नाही.

घरी येऊन कायदा वाचला. वाचला नसता तर बरं झालं असतं. जर्मन नागरी संहिता १९०० साली लागू झाली आणि तिच्यात सफरचंद पडण्यावर स्वतंत्र कलम आहे. कोकणात कलम म्हणजे झाड. इथे प्रत्येक झाड म्हणजे कलम. तर ९११ वं कलम सांगतं, की तुमच्या झाडाचं फळ पडून शेजाऱ्याच्या आवारात गेलं, तर ते शेजाऱ्याचं. म्हणजे शेजाऱ्याने झाड हलवायचं नाही, फांदीला हात लावायचा नाही, नुसतं बसून वाट बघायची. इथवर ठीक. पण पुढच्याच वाक्यात म्हटलंय, की ती जागा सार्वजनिक वापराची असेल, तर हा नियम लागू नाही. थोडक्यात, सफरचंद कुंपणापलीकडे शेजारच्या हिरवळीवर पडलं की मालक बदलतो आणि तेच सफरचंद रस्त्यावर पडलं की बदलत नाही. आता हे झाड उतारावर आहे, हे लक्षात घ्या. फळ आधी शेजाऱ्याकडे पडलं, तिथे त्याचं झालं आणि मग गडगडत रस्त्यावर आलं, तर कुणाचं? मी रात्री साडेबारापर्यंत या प्रश्नावर जागा होतो. मूळ मालकाचं, कारण रस्त्यावर आहे? की शेजाऱ्याचं, कारण रस्त्यावर येण्याआधी ते पाऊण सेकंद त्याचं होऊन गेलं होतं? आणि गडगडताना मध्ये माझ्या बुटाला लागून थांबलं, तर माझा बूट हा सार्वजनिक वापराचा मानायचा का? बायको कूस बदलून म्हणाली, "बाजारातून आणा ना." बाजारातून! तेवढी दूरदृष्टी असती, तर मी सदर कशाला लिहिलं असतं?

हसू नका. बांधावरच्या फणसावरून आमच्या तळकोकणात भाऊबंदांच्या तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढल्या आणि वकिलांच्या दोन पिढ्या त्यावर पोसल्या. हद्दीवरच्या झाडाची फळं दोघांना सारखी, हे या लोकांनी ९२३ व्या कलमात एका ओळीत मिटवलं. फणस इथे उगवत नाही म्हणून हे जमलं, असं माझं मत आहे. आणखी एक गंमत: १९७५ पर्यंत इथे 'तोंडापुरती चोरी' नावाचा एक वेगळा, सौम्य गुन्हा होता. भुकेपोटी चारदोन फळं तोडून तिथेच खाल्ली, तर तो चोर नव्हे, नुसता तोंडाळ. पुढे कायदा सुधारला आणि तो गुन्हा काढून टाकला. सुधारल्यामुळे आता सफरचंद खाणाराही पुरता चोर.

रानातलं मात्र सगळ्यांचं. निसर्गरक्षणाच्या कायद्यात लिहिलंय, की रानातली फुलं, फळं, अळंबी कुणीही घ्यावीत, थोडकी, स्वतःच्या गरजेपुरती आणि जपून. 'जपून' हा शब्द खरोखर कायद्यात आहे. एखाद्या मावशीने मसुदा लिहिल्यासारखा. थोडकी म्हणजे किती? फुलांसाठी लोकांनी माप ठरवलंय: अंगठा आणि तर्जनीत मावेल एवढी जुडी. पण ब्लॅकबेरीची जुडी कशी बांधायची? इथे आमचे एक स्नेही कामाला येतात.

हा नमुना तुम्हाला ठाऊक आहे. पुण्याहून आलेला, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, बारा वर्षं इथे, निसर्ग गेल्या दोन वर्षांत सापडलेला. स्नेह्यांचा हिशोब असा, की थोडकं म्हणजे माणशी दोन मुठी. घरात चौघं, आठ मुठी. आईबाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेत, आणखी चार. आईबाबांना नेहमी ऑगस्टमध्येच का बोलावतात, हे मला तेव्हा कळलं. बारा मुठी मोजून श्रीखंडाच्या किलोच्या रिकाम्या डब्यात भरायच्या. डबा पुण्याहूनच आलेला. झाकण लागलं नाही, तर वरच्या ब्लॅकबेरी स्नेह्यांचे बाबा तिथेच उभ्याने खातात. 'गरजेपुरती' या शब्दाची ती सोय.

त्यात गुडघ्याखालची फळं घ्यायची नाहीत, कारण कोल्हा. इथल्या कोल्ह्यांच्या पोटात एक पट्टकृमी असतो, त्याची अंडी खालच्या फळांवर असू शकतात, आणि या भागातली प्रत्येक आई मुलांना ते पाळण्यातच सांगते. माझ्या सासूबाई हे ऐकून म्हणाल्या, "आपल्याकडे कोल्ह्याला द्राक्षं आंबट. इथे कोल्ह्यापायी माणसाला आंबट!" एल्डरबेरी कच्ची खायची नाही, शिजवायची, हे स्नेह्यांनी आम्हाला सांगितलं, कारण ते स्वतः कच्ची खाऊन शिकले होते.

स्नेही हल्ली रानफळं ओळखण्याच्या सहलीला पैसे भरून जातात. पुढे एक बाई टोपली घेऊन चालते, मागे वीस इंजिनिअर. झाडांची लॅटिन नावं पाठ झालीत. रविवारी त्याच फीतवाल्या झाडाखाली उभे राहून, एक आंबट सफरचंद चावत, ते म्हणाले, "काय संस्कृती आहे बघा! झाड खासगी, फळ सगळ्यांचं. मालकाला काही वाटत नाही. आपल्याकडे असलं काही नाही हो."

असलं काही नाही!

मी एरवी शांत माणूस आहे. आपल्याकडे असलं काही नाही म्हणणाऱ्याला मी साधारणपणे ट्रॅफिक, कचरा, वेळेवर येणारी ट्राम एवढं सगळं माफ करतो. पण हे फळाबद्दल होतं. एप्रिल-मे महिन्यात घाटात गाडी थांबवून जिथे चहा पिता, तिथे पाटीवर काय असतं? करवंदं. पानांच्या द्रोणात. डोंगराची काळी मैना अशी हाळी देत, पहाटे काट्यांत हात घालून, ओरबाडलेल्या मनगटांनी ती कुणी काढली? कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या बायकांनी. कुणाच्या डोंगरावरून? त्यांनी कधी विचारलं नाही, आणि आज नाही उद्या काढू म्हणून करवंद कधी थांबलंही नाही. करवंद फोडण्याआधी 'कोंबडा की कोंबडी?' विचारायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. ओठांना चीक लागायचा तो संध्याकाळपर्यंत निघायचा नाही. तोरणं, आळू, भोकरं, जांभळं, रायवळ आंबे, पडतील तसे. पहाटे जो आधी उठेल त्याचे. त्या झाडांना फीत नव्हती, कारण फीत बांधायची वेळ येते ती आधी सगळं बंद केल्यावर.

आणि हेच स्नेही गाडीची काच अर्धी खाली करून त्या बाईला विचारणार, "एवढीच? वीस रुपयांना? द्रोण वर करून दाखव, खाली पानं भरलीस का?" इथे सव्वाशे ग्रॅम ब्लॅकबेरीच्या प्लॅस्टिकच्या डबीला तीन युरो टाकताना मी त्यांना एकदाही डबी उलटी करताना पाहिलेलं नाही.

हे मी त्यांना बोललो नाही. मी काय म्हटलं, तर, "अहो, करवंदं?" तेव्हा ते म्हणाले, "हो हो, करवंदांवरून आठवलं," आणि मोबाईल काढला. मुळशीकडे त्यांनी अकरा गुंठ्यांचा एनए प्लॉट घेतलाय, हे मला माहीत होतं. डोंगरउतारावर आहे, योजनेच्या नावात इंग्रजी 'ग्रीन' आहे, आणि त्यात घर नाही, कूपनलिका नाही, माणूस नाही, कॅमेरा आहे. मोबाईलवर मे महिन्यातली चित्रफीत होती. तारेच्या कुंपणाशी दोन बायका, डोक्यावर पाटी, एकीबरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलगी तारेखालून आत गेली होती. करवंदीची एक जाळी कोपऱ्यात उरलीय, बाकीच्या जेसीबीने पहिल्याच दिवशी सपाट केल्या; तेवढी राहिली, कारण तिथे दगड होता. मुलगी तिथे बसून भराभर तोडत होती. मग डावीकडून योजनेचा वॉचमन आला. त्याने काठी आपटली. मुलगी पळताना ओंजळ सांडली. चित्रफितीला आवाज नव्हता, म्हणून स्नेह्यांनी तो दिला. "मी इथून, ऑफिसातून, बघितलं आणि फोन केला. दोन मिनिटांत हाकललं. तंत्रज्ञान बघा!"

आम्ही पिवळ्या फितीखाली उभे होतो. त्यांच्या दुसऱ्या हातात एका अनोळखी म्हाताऱ्याच्या झाडाचं सफरचंद होतं.

कसली संस्कृती आणि कसलं काय! बारा मुठी परक्याच्या रानात मोजून भरायच्या आणि स्वतःच्या डोंगरावरची एका पोरीची ओंजळ साडेसहा हजार किलोमीटरवरून पाडायची! ती करवंदं तुम्ही खाणार होतात? तुम्ही मे महिन्यात कधी तिकडे गेलात? गेलात ते डिसेंबरात, दोन तास, ड्रोन उडवायला. त्या जाळ्या तुमच्या साताबाऱ्याच्या आधीपासून तिथे होत्या आणि त्या बायकांच्या आज्या त्याआधीपासून. आणि मला कायदा सांगू नका, मी या आठवड्यात पुष्कळ कायदा वाचलाय. जंगलातल्या गौण वनोपजावर आदिवासींचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य झाला. पण तारेच्या आतला डोंगर कागदावर जंगल राहिलेला नाही, तो प्लॉट आहे. कालपर्यंत त्या बायकांचं जे पीक होतं, ते आज घुसखोरी आहे. डोंगर तोच, करवंद तेच, काटेही तेच. फक्त तार, रेखांकन आणि एक पाटी वाढली: 'खासगी मालमत्ता. आत येण्यास सक्त मनाई.' जर्मन म्हातारा निदान म्हणतो, मला चढवत नाही, तुम्ही घ्या. आपला माणूस म्हणतो, मी खाणार नाही, पण तूही खायचं नाहीस.

हेही मी त्यांना बोललो नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मी मान हलवली आणि "वा, चित्र स्पष्ट आहे हो" असं म्हणालो. त्यांची गाडी होती आणि घरी परत जायला रविवारी तिथून बस दोन तासांनी होती. माणूस रागावतो तो घरी पोचल्यावर, सदरात.

सोमवारी मी शिवणकामाच्या दुकानातून पिवळ्या फितीचं रीळ आणलं. स्नेह्यांना पोस्टाने पाठवायचं, मुळशीच्या कुंपणासाठी, असा विचार होता. ते अजून टेबलावर पडलंय. सासूबाईंनी त्यातली हातभर कापून नातीच्या वेणीला बांधली, आणि काल बागेत एका जर्मन मुलाने तिच्या हातातलं मिराबेलचं फळ न विचारता उचलून खाल्लं. नियमाप्रमाणे बरोबरच वागला तो.

तर वाचकहो, तुमच्यापैकी कुणाचा मुळशीला, कर्जतला, भोरला, जिथे असेल तिथे प्लॉट असेल, आणि आत एखादी करवंदीची जाळी दगडाच्या आड जेसीबीतून वाचली असेल, तर येत्या मे महिन्यात फाटकाची कडी काढून ठेवा आणि वॉचमनला चार दिवस गावी पाठवा. फीत बांधायची गरज नाही. त्या बायकांना जाळी कुठे आहे ते माहीत आहे.