आजच्या ठळक बातम्या

आमच्या शाळेत परिपाठाला बातम्या वाचतात आणि त्या आठवड्याचा परिपाठ माझ्याकडे होता. तारीख ७ सप्टेंबर २०१८. शिक्षक मंडळींना पुढचं कळलंच असेल. आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ वर निकाल दिला होता: सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे. पाच न्यायमूर्तींचं एकमत! आमच्या स्टाफरूममध्ये चहात आलं घालण्यावरही तिघांचं होत नाही.

सकाळीच मी लाल पेनाने कारवाई केली. मोठ्या बातमीवर फुली. पेट्रोलची दरवाढ आणि घसरता रुपया यांना बरोबरची खूण. मुलांनी महागाई ऐकावी, प्रेमाचं ऐकू नये, असं काही माझं तत्त्वज्ञान नव्हतं. उद्या शनिवार, सकाळची शाळा, मध्ये भानगड नको, एवढंच.

पण नववीतल्या त्या मुलीने घरून स्वतःचा पेपर आणला होता. सर्वांत मोठी बातमी आधी, हा नियम जूनमध्ये मीच घालून दिलेला. तिने खणखणीत आवाजात सुरुवात केली. मी माईकवाल्या मुलाला तळहाताने खूण केली. त्याने आवाज वाढवला. बातमी मैदान, कंपाउंड, एसटी स्टँड ओलांडून थेट बाजारपेठेत गेली. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. मौन सुरू झालं असं वाटून पुढच्या दोन रांगांनी माना खाली घातल्या.

पहिला तास नववीवर माझाच.

"सर, मग आधी गुन्हा का होता?"

उत्तर येत होतं, हीच पंचाईत. मी मॅकॉलेला पुढे केलं. त्याने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला, १८५९ मध्ये तो वारला, १८६० मध्ये कायदा झाला. खुद्द इंग्लंडने १९६७ मध्ये आपला असला कायदा सैल केला. तास संपत आला तरी कायदा कशाबद्दल होता, ते माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

"सर, हे अभ्यासक्रमात आहे?"

"नाही."

"मग परिपाठात कसं होतं?"

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चर्चा: मुलांना हे सांगावं का? जणू भोंग्याने काही शिल्लक ठेवलं होतं. २००७ मध्ये राज्याने शाळांतल्या लैंगिक शिक्षणालाच मनाई केली होती, याची एका ज्येष्ठ सरांनी आठवण करून दिली. प्रजननाचा धडा एका दमात संपवून 'स्वाध्याय घरी करा' म्हणणाऱ्या विज्ञानाच्या बाईंनी मान डोलावली.

मी मात्र व्याकरणात अडकलो होतो. 'रमेश सीमाशी लग्न करतो' हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. त्यात कुणा पालकाला लैंगिक शिक्षण दिसलं नाही. सीमाच्या जागी सुरेश घातला तर? प्रयोग कर्तरीच राहील, कर्त्याची नोकरी मात्र जाईल. ही कोटी मला फार आवडली, आणि लगेच प्रा. श्रीनिवास सिरस आठवले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. २०१० मध्ये त्यांच्या घरात घुसून लोकांनी त्यांच्या समलिंगी संबंधाचं चित्रण केलं आणि निलंबित मात्र तेच झाले. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. आठवडाभरात ते घरात मृतावस्थेत सापडले. तासभर मी मुलांना मॅकॉले पाजला. सिरस सरांचं नावही काढलं नव्हतं. मराठी मीही शिकवतो.

संध्याकाळी शाळा सुटताना बाजारपेठेतले मंडपवाले काका फाटकाशी उभे. मुलगा आठवीत. आली तक्रार, म्हणून मी मनातल्या मनात खुलासा लिहायला घेतला.

"सर, त्या ३७७ चं शेवटी काय झालं? ऐन वेळी तुमचा भोंगा फाटला."

"त्याचं असं आहे काका, १८३७ मध्ये मॅकॉलेने..."

त्यांनी हात जोडले. "सर, गणपतीची गडबड आहे. सुटले का ते लोक, तेवढं सांगा."