अर्धा पाह्यला, पुरा समजला

अमरावतीत पत्ता सांगायचा तर टॉकीज सांगावी लागते. प्रभात, चित्रा, श्याम, सरोज, राजकमल. चौकांना ही नावं टॉकीजांवरून पडली, आणि आता टॉकीज चालो न चालो, ऑटोवाल्याला नाव तेच सांगावं लागतं. ज्या गावात माणूस भाजी आणायलासुद्धा दोन-तीन टॉकीजांवरून जातो, तिथं सिनेमावर मत द्यायला आधी सिनेमा पाहावा लागतो, ही अट काकाजींना मान्य नाही.

काकाजी कोणी एक नाहीत. रुक्मिणीनगरात आहेत, साईनगरात आहेत, बडनेऱ्यात आहेत आणि मूर्तिजापूर ओलांडून अकोल्याच्या जठारपेठेतही आहेत. नोकरीतून रिटायर, गावाकडे पाच-सहा एकर वावर, तेही बटईनं दिलेलं. अंगात बनियान, हातात रबरबँड लावलेला रिमोट. पिक्चर सुरू होतो तेव्हा ते जागे असतात, संपतो तेव्हाही जागे असतात. मधलं त्यांचं ते पाहून घेतात. नावं वर सरकू लागली की डोळे उघडून निकाल देतात, "जमते. एक डाव पाह्याले हरकत नाई." ‘जमते’च्या वरची श्रेणी त्यांच्याकडे नाही.

पडद्याकडे ते पाहतात ते दुसऱ्याच्या वावराकडे धुऱ्यावर उभं राहून पाहावं तसं. पीक राहतं बाजूला, तण आधी दिसतं. हिरो शेतकरी असला की काकाजी पायांपासून सुरुवात करतात. "नखात माती नाई राज्या ह्याच्या." मग मागच्या शेतावर नजर जाते. "पऱ्हाटी फुटून राह्यली, म्हणजे दिवाळी आली. मंग बाजूच्या वावरात सोयाबीन हिरवंगार कसं?" हिरोचा बाप त्या क्षणी शेवटचा श्वास घेत असतो. काकाजींचा जीव सोयाबीनमध्ये.

खरी गंमत उन्हाळ्यात. मार्च संपता संपता लोखंडी कूलर खिडकीला लागतो, नव्या ताट्या बसतात आणि तिथून मालिकांचं कथानक बदलतं. कूलर सुरू असताना टीव्हीचा शब्द ऐकू येत नाही. काकू म्हणतात, "बंद करा नं जरा, काहीच समजून नाई राह्यलं." काकाजी म्हणतात, "मराचं हाय काय मले गरमीनं?" मग ओठांवरून आणि ढँढँ वाजणाऱ्या संगीतावरून ते कथा ताडतात. कोण कोणाची मुलगी, दुधात काय कालवलं, हे सगळं एप्रिल-मे महिन्यांत काकाजी स्वतः लिहितात. जूनमध्ये पाऊस पडतो, कूलर बंद होतो आणि जिला ते उन्हाळाभर मोलकरीण समजत होते ती बंगल्याची मालकीण निघते. दोष कोणाचा? "डायरेक्टरचा. साल्याले नीट सांगता येत नाई."

झी मराठीवर २०१६ साली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू झाली. त्यातली राधिका सुभेदार नागपूरची, तिकडच्या बोलीत बोलणारी, नवरा गुरुनाथ यानं शनायापायी दगा दिल्यावर मसाल्यांचा धंदा उभा करणारी. पुढे स्टार प्रवाहवर ‘ठरलं तर मग’ आली, तिच्यात अर्जुन सुभेदार वकील. चॅनेल वेगळं, कथा वेगळी. काकाजींच्या हिशेबी मात्र सुभेदारांचं घर एकच. "घराणंच तसं हाय थे. तो गुरुनाथ शनायाच्या मांगं लागला, आन ह्या पुतण्यानं कागदावर सह्या करून लग्न केलं." काकूंनी खूप सांगून पाहिलं. काकाजींचं उत्तर ठरलेलं, "तुले नाती समजत नाई."

राधिकेवर त्यांचा वेगळा राग. "थे वऱ्हाडी नाई, नागपुरी हाय. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ. १९०३ मंधी इंग्रजाईनं आपल्याले मध्य प्रांताले जोडलं, म्हणून काय आपण नागपूरचे झालो?" समोर बाई संसार मोडला म्हणून रडते आहे आणि काकाजी प्रांतरचना सोडवताहेत. ‘चला हवा येऊ द्या’त भरत गणेशपुरे बोलू लागले की मात्र खुर्ची पुढे सरकायची. ते अमरावतीकडचे. त्यांच्या बोलीत खोट निघत नाही, आणि त्यांच्यासोबत शाळेत शिकलेल्यांची संख्या आमच्या गल्लीत दरवर्षी वाढते.

बोलीच्या बाबतीत मी काकाजींच्या बाजूचा आहे. वऱ्हाडी बोली पडद्यावर आली की बाकीचा महाराष्ट्र हसायला तयारच बसलेला असतो. २००९ साली सतीश मन्वर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला, आपल्या नवऱ्याच्याही मनात तेच येईल या धास्तीनं बायको त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवते, अशी गोष्ट. तिच्यातही हसू आहे, पण ते बोलीचं नाही, माणसांचं आहे. हा पिक्चर काकाजींनी न झोपता पाहिला, आणि सोयाबीनचं नावही काढलं नाही.

कोर्टाच्या प्रसंगांवर मात्र त्यांचं सगळ्या बायामंडळींशी वाकडं. बायकांची तक्रार अशी की ‘ठरलं तर मग’मधली केस वर्षानुवर्षं लांबते. काकाजींना ती फार लवकर चाललेली वाटते. "दुसऱ्याच दिवशी तारीख? साक्षीदार पयल्याच पुकाऱ्याले हजर? वकिलानं मुदत नाई मांगतली, बाबूनं चहापाणी नाई मांगतलं. कोठचं कोर्ट होय हे?" त्यांची स्वतःची धुऱ्याची केस वडिलांच्या हयातीपासून चालू आहे. तो धुरा एव्हाना दोन्ही बाजूंनी नांगरून जवळजवळ संपलाय, केस शाबूत आहे.

२०२२च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. काकाजींपुरता त्याचा परिणाम एवढाच, की अकोल्याचे साडभाऊ वरचेवर येऊ लागले. साडभाऊंची परीक्षणाची पद्धत वेगळी. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, तेव्हा माणूस पिक्चरला जात नाही, एसीत जातो. पडद्यावर काय लागलंय ते आत गेल्यावर कळतं. "पिक्चर बरा होता. इंटरवलपर्यंत तं लयच थंडगार." डिसेंबर २०२४मध्ये ‘पुष्पा २’ आला. तीन तासांच्या वरचा पिक्चर, तिकीट भागिले तास केल्यावर भाव स्वस्त पडला. तरी साडभाऊंचं मत वाईट. "थंडीच्या दिवसात एसी कायले लावते बाप्पा? खोकला झाला."

२०२५च्या फेब्रुवारीत दोघं मिळून ‘छावा’ पाहून आले. मत दिलं नाही. महाराजांच्या पिक्चरवर मत देत नसतात. पार्किंगवर दिलं.

दोघांचं एकमत फक्त १९७७च्या ‘देवकीनंदन गोपाला’वर. गाडगेबाबा शेंडगावचे, म्हणजे घरचेच. भूमिका श्रीराम लागूंची, आणि लागू सातारचे. तरी माफ. "खराटा धरला तं असा धरला, की वाटते हा माणूस आत्ता आपलं अंगण झाडून जाईन." काकाजींच्या तोंडून कोणा नटाची झालेली एवढी मोठी स्तुती मी दुसरी ऐकली नाही.

मग मार्च २०२५मध्ये जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ आला. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, कापूस पिकवणारे दौलतराव वांढरे, शिकणारी मुलगी सविता, आणि मुलगी पाहण्याचे एकामागून एक कार्यक्रम. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ साली त्याला पुरस्कार मिळालेला. पाहुणे येतात, मुलीला मधोमध बसवतात, नाव काय, उंची किती विचारतात, निघून जातात. पुन्हा दुसरे येतात, पुन्हा तेच. कलाकार बहुतेक नवखे, बोली अस्सल. काकाजींना खोट सापडेना. खुर्चीत ताठ बसून राहिले. दुसऱ्या वेळचे पाहुणे आले तेव्हा ते त्या पाहुण्यांत जाऊन बसले आहेत, हे माझ्या लक्षात आलं. "रंग जरा सावळाच हाय," पुटपुटले. पुढं म्हणाले, "बापानं कापूस थांबून इकाले पाह्यजे होता." काकू अंधारात त्यांच्याकडे वळून पाहत होत्या.

बाहेर पडल्यावर स्कूटरला चावी लावता लावता काकाजी म्हणाले, "हे वांढरे कोणते? आपल्या वणीच्या जावयाच्या नात्यातले तं नाई? पोट्टी शिकलेली हाय, घर गरीब हाय. साडभाऊच्या पोट्ट्याले चौतिसावं लागलं."

"पोट्ट्याची उंची किती हाय?" काकूंनी विचारलं. "वावरात कामाले जाते का थो?"

काकाजी भडकले. "थो काय पोट्टी होय काय, उंची सांगाले!"