ताल येतो, करार येत नाही

शार्ङ्गदेव हिशेबनीस होता. देवगिरीच्या सिंघणदेव यादवाच्या दरबारात तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाच्या खात्याचा प्रमुख. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात याच माणसानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्यायांचा हा ग्रंथ उत्तरेचे गवई मानतात, दक्षिणेचेही मानतात. त्याच्या तिसऱ्या अध्यायात वृंदाचा, म्हणजे गाण्या-वाजवण्याच्या ताफ्याचा, चोख हिशेब आहे. उत्तम वृंदात मुख्य गायक 4, त्यांच्या मागं गाणारे 8, गायिका 12, बासरीवाले 4 आणि मृदंगवाले 4. एकूण 32 माणसं. मध्यम वृंदाला याच्या निम्मी. श्रुती-स्वरांची इतकी बारीक चिकित्सा करणाऱ्या माणसाला ‘माणसं किती लागतील’ हे लिहिणं कमीपणाचं वाटलं नाही.

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला यादवकाळ समजावून सांगायची गरज नाही. गोकुळेश्वराचं मंदिर, बारव, तो उंच कोरीव स्तंभ, सगळं गावात उभं आहे आणि ते पाहायला लांबून अभ्यासक येतात. त्या काळातला दगड आपण जपला, निदान जपायला हवा हे तरी आपल्याला पटलं. त्या काळातल्या हिशेबनिसाची शिस्त मात्र आपण गाण्यातून हद्दपार केली. ‘कलेत पैसा बघू नये’ हे वाक्य आपल्याकडं जो ऐकवतो, तो बहुतेक वेळा पैसे द्यायच्या बाजूला बसलेला असतो.

जिंतूर तालुक्यातलं एखादं लेकरू पेटी किंवा तबला शिकायला लागलं की त्याच्यापुढं एकच रस्ता दाखवला जातो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा. प्रारंभिक, दोन प्रवेशिका, दोन मध्यमा, दोन विशारद. सात परीक्षा, एकेक वर्षानं दिल्या तर सात वर्षं. परीक्षा चांगल्या आहेत. खेड्यापाड्यात रागदारी पोचवण्याचं काम या मंडळानं केलं आहे, आणि त्यासाठी त्याचे उपकार मानावेत. पण सात वर्षांत त्या पोराला एकदाही विचारलं जात नाही, की बाबा रे, सुपारी घेताना इसार किती घ्यायचा?

ज्यांच्या नावानं ही परंपरा चालते, त्या विष्णु दिगंबर पलुस्करांना हा प्रश्न परका नव्हता. 1901 साली लाहोरला त्यांनी विद्यालय काढलं ते लोकांच्या पैशावर. तिकीट लावून मैफली केल्या, संगीताची पुस्तकं छापली. मुंबईतलं विद्यालय कर्जात बुडालं आणि 1924च्या सुमारास त्याच्या इमारतीचा लिलाव झाला. 1931 साली त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ उभं केलं. कर्जाचा एवढा मोठा धडा घरातच घडलेला असताना तो अभ्यासक्रमात का नाही? बालगंधर्वांचंही तेच. 1913 साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी, महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलेला आवाज, आणि पाठीमागं कायमचे सावकार. त्यांच्या भरजरी शालूंच्या आणि अत्तराच्या कथा आपण चवीनं सांगतो. त्यातला एक तरी गोष्ट सांगणारा कंपनीची खातेवही उघडून बघतो का?

काम नाही, ही तक्रार खोटी आहे. जिंतूर-जालना रस्त्यावर उभं राहा आणि लग्नसराईत किती बँड जातात ते बघा. तुळशीच्या लग्नापासून पार जेठापर्यंत वरातीला बँड लागतो, हलगी लागते. घरोघरच्या गोंधळाला संबळ लागतं. याच परभणीच्या राजाराम कदमांनी गोंधळाला मोठ्या मंचावर मान मिळवून दिला. एप्रिल उजाडला की भीमगीतांच्या पार्ट्यांना गावोगावची बोलावणी. उरुसाला कव्वाली. गणपती, नवरात्र, जत्रा. आणि वर्षभर अखंड हरिनाम सप्ताह, त्यात कीर्तनकार, गायनाचार्य, पखवाजवाला, टाळकरी. या सगळ्यावर मंडपवाला, साऊंडवाला, जनरेटरवाला, लाइटवाला, गाडीवाला. एका तालुक्यात जिवंत संगीतावर किती चुली पेटतात याची मोजदाद कुणी केलेली नाही, कारण कुणालाच हा व्यवसाय वाटत नाही. द्राक्षाला व्यवसाय म्हणतात, शेळीपालनाला म्हणतात. संबळाला ‘हौस’ म्हणतात.

ज्यांनी ही कला गंभीरपणे घेतली, त्यांनी तिची नीट सोयही केली. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, आणि मराठवाड्यातली कितीतरी मुलं पोत्यात कपडे भरून तिथं गेली. उभं राहून दोन तास हजार माणसं धरून ठेवायची कला ती शिकून आली. ज्याला आज शहरात ‘लाइव्ह परफॉर्मन्स’चं शिक्षण म्हणून विकतात, ते आळंदीत शंभर वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. दुसरं उदाहरण नारायणगावचं. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, जत्रेची तारीख सांगतात, आकडा ठरतो, इसार दिला जातो, कागद होतो. फडाचा मॅनेजर हा माणूस कुठल्याही कॉलेजात शिकला नाही. पण तारखा, अंतरं, गाड्या, माणसांची उचल, पावसानं बुडालेला खेळ या सगळ्याचं गणित त्याच्या डोक्यात असतं. असल्या माणसाला विद्यापीठानं शिकवायला बोलवावं.

आता आपल्या सप्ताहांच्या समित्यांना एक सरळ प्रश्न. कीर्तनकार महाराजांचा आकडा फोनवर आधी ठरतो. मग रात्रभर जागणाऱ्या पखवाजवाल्याला शेवटच्या दिवशी पाकिटात जे निघेल ते का? बोटं त्याचीही झिजतात. त्याचाही आकडा पत्रिका छापायच्या आधी ठरवा. आणि ‘तुझी प्रसिद्धी होईल’ हे नाणं किराणा दुकानात चालत नाही. ते कलावंताच्या हातावर ठेवणं बंद करा.

पोरांनो, तुम्हालाही सांगायचं आहे. 1872चा करार कायदा तोंडी कराराला नाही म्हणत नाही, पण तोंडी शब्द सिद्ध करताना दमछाक होते. अर्ध्या पानाचा कागद करा. तारीख, वेळ किती ते किती, माणसं किती, जाण्यायेण्याचा खर्च कुणाचा, जेवण कुणाचं, पावसानं कार्यक्रम बुडाला तर इसार कुणाकडं राहणार. खाली दोन्हीकडच्या सह्या. कागद नाहीच झाला तर निदान हेच सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून समोरच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्या. यानं नाती तुटत नाहीत. पैशावरून झालेल्या भांडणानं तुटतात.

तुमचा कार्यक्रम कुणी मोबाइलवर उभाच्या उभा चित्रित करतो, आपल्या चॅनलवर टाकतो, त्यावर जाहिराती येतात आणि त्याला पैसे मिळतात. हे तुम्ही ‘आपलं नाव होतंय’ म्हणून हसून सोडून देता. सोडू नका. 1994च्या दुरुस्तीनं स्वामित्व हक्काच्या कायद्यात कलाकाराचा हक्क नीट बसवला आणि 2012 साली तो आणखी भक्कम झाला. तुमच्या सादरीकरणाचं चित्रण करायला तुमची परवानगी लागते, आणि हा हक्क 50 वर्षं टिकतो. तो फक्त शास्त्रीय गवयाचा नाही, हलगीवाल्याचाही आहे.

हाच कायदा उलट बाजूनंही लागतो. वामनदादा कर्डक 2004 साली गेले. कवीच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क चालतो, म्हणजे त्यांच्या गाण्यांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत जिवंत आहे. त्यांच्या शब्दांवर आपण रात्री जागवतो, त्यांच्या ओळीवर पैसे उधळले जातात. मग गाण्याआधी कवीचं नाव घ्यायला काय लागतं? आणि तिकीट लावून, ध्वनिमुद्रण करून कमाई करत असाल तर परवानगी आणि वाटा हा विषय येतोच. लग्नाच्या वरातीला आणि धार्मिक विधीला कायद्यानं सूट दिलेली आहे. तिकिटाच्या कार्यक्रमाला ती नाही. हा फरक माहीत नसल्यामुळं काही जण नको तिथं घाबरतात आणि काही जण नको तिथं बिनधास्त असतात.

जीएसटीचंही तसंच. लोककला किंवा शास्त्रीय संगीत सादर करणाऱ्या कलावंताला एका कार्यक्रमाचे दीड लाखापर्यंत मिळाले तर त्यावर हा कर नाही. सिनेमाच्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्राला ही सूट नाही, पण सेवांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीच लागत नाही. गोंधळ्याच्या बिदागीतून कुणी जीएसटीच्या नावाखाली पैसे कापत असेल, तर त्याला नियम दाखवायला सांगा.

सगळ्यात काळजी वाटते ती साऊंडच्या पोरांची. अठरा-वीस वर्षांची पोरं, ट्रॅक्टरवर रचलेल्या डब्यांच्या भिंतीपाशी चार-चार तास उभी. 85 डेसिबलला माणसाचा कान आठ तास कसाबसा तग धरतो, असं कामाच्या जागेचं जगभरचं एक मान्य माप आहे. पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 88ला चार तास, 91ला दोन, 94ला एक, 97ला अर्धा. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. वरातीच्या डब्यांपुढं 100 म्हणजे सुरुवात. गेलेला कान परत येत नाही, त्यावर औषध नाही. ज्या कानावर या पोराचं पोट आहे तोच कान तो पंचविशीच्या आत विकून टाकतो, आणि मालक त्याला दहा-वीस रुपयांचे कानातले बोळेही देत नाही. हे अज्ञान आहे म्हणून मी गप्प बसणार नाही. कानाचे बोळे न देता पोराला कामाला उभं करणं हा अन्याय आहे.

नियमही त्याला कुणी सांगत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस, सरकारनं जाहीर केलेले, रात्री 12पर्यंत मुभा. वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलहून वर जाता कामा नये. पोलीस आले की जप्त होतो तो पोराचा मिक्सर. ज्यांनी ‘अजून वाढव’ म्हणून ओरडा केला ते घरी जाऊन झोपलेले असतात.

तिसरी गोष्ट विजेची. तार आकड्यावरून, अर्थिंगला ओल्या मातीत खोचलेला एक खिळा, वर पावसाची भुरभुर, आणि गायकाच्या ओठाला लोखंडी जाळीचा माइक. 30 मिलिअँपिअरला वीज तोडणारी आरसीसीबी पेटी बसवली तर जीव वाचू शकतो. रोषणाईच्या मानानं तिची किंमत किरकोळ आहे. समितीनं कमान एक कमी करावी आणि ती पेटी आधी घ्यावी.

हे सगळं शिकायचं कुठं? शहरात साऊंडचे, इव्हेंटचे अभ्यासक्रम आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला त्या शहरात वर्षभर राहायचाच खर्च पेलत नाही, फी तर लांब राहिली. आपल्या परभणी जिल्ह्यातली महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत, आणि त्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. सहा महिन्यांचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करायला त्यांना कुणी अडवलेलं नाही. अर्धा वेळ साऊंड आणि वीज, अर्धा वेळ करार, हक्क, हिशेब. दहावी नापास बँडवाल्यालाही प्रवेश द्या. त्याला तुमच्यापेक्षा प्रेक्षक जास्त कळतो. परीक्षा लेखी नको. एक खरी सुपारी ठरवून, पार पाडून, हिशेबाची वही समोर ठेवा म्हणावं.

आणि संकुलाची वाट बघायचीही गरज नाही. चारठाण्यातल्या शाळेचा एक वर्ग रविवारी दोन तास उघडा ठेवता येतो. जिंतूरहून एक वकील, एक हिशेबनीस, एक परवानाधारक वायरमन आणि फडाचा एखादा जुना मॅनेजर आळीपाळीनं बोलवा. येणाऱ्या प्रत्येकाचं मानधन किती, ते त्याला फोन करताना सांगा, आणि निम्मं आधी पाठवा.